पाण्याचा हिशेब ठेवणारे गाव : अवर्षणप्रवण भागात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. सह्याद्रीच्या पूर्व उतारापासून मराठवाड्यापर्यंत पसरलेल्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाण्याचे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी, म्हणजे नवा सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाची अध्यक्षा किंवा शहरातून गावी परतलेला तरुण यांच्यासाठी, हा लेख लिहिला आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा या पट्ट्यात लहान मुलालाही पाठ असते. ती दोन क्रियापदांवर थांबते, आणि अनेक गावांचे कामही तिथेच थांबते. जिरलेले पाणी मोजायचे कोणी आणि वाटायचे कसे, हे ठरलेले नसल्यामुळे चांगला पाऊस झालेल्या वर्षानंतरही फेब्रुवारीत टँकरचा प्रस्ताव तहसील कार्यालयात जातो. म्हणून पुढील मांडणीत खोदकामाला बेताचीच जागा दिली आहे आणि मोजणी व वाटप यांना अधिक.

पहिला टप्पा : शिवार पायी फिरणे

कामाची सुरुवात पोकलेनने न करता पायांनी करावी. तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा गट नकाशा मिळवावा, त्याची मोठी प्रत काढावी आणि माथ्याकडचा भाग ओळखीचा असलेल्या चार-पाच जाणत्या माणसांना बरोबर घेऊन पाणलोटाची सीमा स्वतः चालून नकाशावर आखावी. पाणलोट म्हणजे ज्या क्षेत्रात पडलेले पाणी एकाच ओढ्याने बाहेर पडते ते क्षेत्र. त्याची सीमा आणि महसुली गावाची शीव क्वचितच जुळतात. आपल्या ओढ्याचा उगम शेजारच्या गावाच्या गायरानात असेल, तर त्या गावाला पहिल्या दिवसापासून विश्वासात घ्यावे लागते, अन्यथा वरच्या अंगाला झालेला एक बंधारा आपला सगळा आराखडा निरर्थक करून टाकतो.

ही फेरी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात करावी. उत्तरा किंवा हस्त नक्षत्राची जोरदार सर कोसळत असताना छत्री घेऊन माळावर उभे राहिलेल्या माणसाला अर्ध्या तासात जे कळते ते नकाशावरून महिनाभरातही कळत नाही. कोणत्या शेतातून लाल गढूळ पाणी बाहेर पडते, कोणता बांध फुटतो, कोणत्या ओघळीत पाणी नितळ वाहते आणि म्हणून तिच्या वरचे गवत अजून शाबूत आहे, हे सारे तेव्हाच डोळ्यांना दिसते.

याच फेरीत खडकही पाहून घ्यावा. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्ट या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. हा पाषाण एकसंध नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला असून पाणी साठते ते मुख्यतः झिजलेल्या मुरमाच्या थरात, भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरांत. अखंड काळा खडक पाणी धरत नाही. दोन लाव्हाथरांच्या मध्ये आढळणारा गेरूसारखा लाल थर चिकणमातीचा असल्याने बहुधा पाण्याला खाली जाऊ देत नाही. जुन्या विहिरीच्या आत उतरून तिची भिंत पाहिली की हे थर रंगाने ओळखता येतात, आणि कोणत्या खोलीवर झरा फुटला आहे तेही दिसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकाला ही भिंत दाखवावी. त्याचे एका दिवसाचे मार्गदर्शन पुढचा बराच खर्च वाचवते.

दुसरा टप्पा : पावसाची आणि विहिरींची नोंदवही

ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरील आकडा आपल्या शिवाराला लागू पडेलच असे नाही, कारण या भागातील पाऊस एका वस्तीवर पडतो आणि दुसरीला कोरडी ठेवतो. गावात निदान दोन साधे पर्जन्यमापक बसवावेत, एक माथ्याकडे आणि एक पायथ्याशी. जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून त्यांचे अंतर त्या अडथळ्याच्या उंचीच्या दुपटीहून कमी नसावे. रोज सकाळी साडेआठ वाजता आकडा लिहावा. हे काम शाळेतील सातवी-आठवीच्या मुलांकडे सोपवल्यास ते सहसा खाडा करत नाहीत. मोठ्यांचा अनुभव मात्र वेगळा आहे.

विहिरींची मोजणी अधिक कष्टाची असते. प्रत्येक विहिरीसाठी गट क्रमांक, व्यास, खोली, पंपाची अश्वशक्ती, कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकते आणि त्यावर कोणते पीक किती क्षेत्रात आहे, एवढे लिहावे. लोक खोली परसात सांगतात. एक परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची असे मानण्याची रीत असली, तरी माणसागणिक परस बदलतो. त्यामुळे ऐकलेला आकडा न लिहिता मोजपट्टी सोडूनच खोली घ्यावी. मोजपट्टीच्या टोकाला लहानसा दगड बांधावा आणि खालच्या हातभर भागाला खडू चोळावा. पट्टी विहिरीत सोडली की दगड पाण्याला लागल्याचा आवाज येतो. त्यानंतर ती आणखी वीतभर खाली जाऊ द्यावी, कठड्याशी येणारा आकडा वाचावा आणि वर ओढल्यावर खडू जिथपर्यंत ओला झाला आहे तेवढी लांबी त्यातून वजा करावी. कठड्याची जमिनीपासूनची उंचीही वजा करावी लागते. नव्या माणसाची पहिली चूक नेमकी इथे होते. ज्या विहिरीवर रात्रभर पंप चालला असेल तिची पातळी खरी नसते, म्हणून पाळीच्या विजेचे वेळापत्रक पाहून पंप किमान दहा-बारा तास बंद राहिल्यानंतरच मोजावे.

भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. गावानेही हेच चार महिने धरावेत, म्हणजे आपले आकडे शासकीय आकड्यांशी ताडून पाहता येतात. सर्वच विहिरी मोजणे शक्य नसल्यास माथा, मध्य आणि पायथा यांतून मिळून पंधरा-वीस विहिरी निवडाव्यात आणि दर वर्षी त्याच मोजाव्यात. विहीर बदलली की तुलना संपते.

तिसरा टप्पा : समिती कोणाची आणि बैठक कुठे

ग्रामसभेच्या ठरावाने पाणी समिती स्थापन करावी. पाणीपुरवठ्याची समिती, पाणलोट समिती, एखाद्या योजनेची समिती अशा तीन-चार समित्या आधीच कागदावर असतील तर आणखी एक वाढवू नये. त्याच सदस्यांची एकत्र बैठक घेण्याचा ठराव करावा. पिण्याचे पाणी, जनावरांचे पाणी, शेतीचे पाणी, माती आणि चारा हे विषय वेगवेगळ्या समित्यांकडे असले, की शेतीच्या विहिरीने पिण्याची विहीर आटवली तरी ती बाब कोणाच्याच विषयपत्रिकेवर येत नाही. एकात्मिक व्यवस्थापन या जड शब्दाचा गावपातळीवरचा अर्थ एवढाच आहे की हे सर्व पाणी एकाच वहीत लिहिले जावे.

समितीत विहीर असलेला, विहीर नसलेला कोरडवाहू शेतकरी, भूमिहीन, मेंढपाळ आणि पाणी भरणाऱ्या स्त्रिया हे सर्व असले पाहिजेत, ही गोष्ट सर्वजण मान्य करतात आणि मग बैठक मारुतीच्या पारावर बोलावतात. आमच्या भागात स्त्रिया पारावर बसत नाहीत आणि काही वस्त्यांवरचे लोकही लांबच उभे राहतात. मी काम सुरू केले तेव्हा पहिल्या सहा बैठका अशाच झाल्या आणि उपस्थितीच्या रजिस्टरमध्ये पुरुषांची चांगली गर्दी दिसत होती. सातवी बैठक शाळेच्या पटांगणात घेतली, तेव्हा एका बाईंनी सांगितले की पिण्याच्या विहिरीचा झरा एका ठरावीक बागायतदाराचा पंप सुरू झाला की तासाभरात बारीक होतो. सहा बैठकांत हा मुद्दा कोणी काढला नव्हता, कारण तो ज्यांना ठाऊक होता त्या तिथे नव्हत्या.

चौथा टप्पा : माथ्यापासून पायथ्यापर्यंत

उपचारांचा क्रम माथा ते पायथा हाच असावा. ओढ्यातील बंधारा लवकर दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते आणि छायाचित्रही चांगले येते, त्यामुळे दबाव नेहमी खालून सुरुवात करण्याचा असतो. परंतु वरची माती न थांबवता बांधलेला बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

माथ्यावरच्या उघड्या उतारावर सलग समतल चर घ्यावेत. नेहमीचा चर साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल असतो, म्हणजे एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. एका हेक्टरात असे ८०० मीटर चर झाले तर एका भरण्यात १४४ घनमीटर, म्हणजे त्या हेक्टरावरून वाहून जाणारे सुमारे १४ मिलिमीटर पाणी थांबते, आणि हंगामात चर अनेकदा भरतात. सर्व गुण ‘समतल’ या शब्दात आहे. समपातळी रेषा ए-फ्रेमने (ओळंबा टांगलेल्या ‘A’ आकाराच्या चौकटीने) किंवा पाण्याच्या नळीने आखूनच खोदाई करावी, कारण अंदाजाने खोदलेला चर एका टोकाला झुकला की तो पाणी थांबवण्याऐवजी ओघळ तयार करतो. माथा वन विभागाच्या ताब्यात असेल तर त्यांची परवानगी काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी.

ओघळींच्या वरच्या भागात अनघड दगडांचे बांध, त्याखाली गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेले बांध, शेतांमध्ये बांधबंदिस्ती, आणि मग ओढ्यात माती नाला बांध किंवा सिमेंट बंधारे, असा उतरता क्रम ठेवावा. यांपैकी बांधबंदिस्तीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, वास्तविक कोरडवाहू शेतकऱ्याला थेट लाभ तिचाच होतो. शेतातील ओल शेतातच राहिली तर विहीर नसलेल्याचीही रब्बी ज्वारी तग धरते. बंधाऱ्याचे पाणी मात्र ज्यांच्या विहिरी ओढ्याकाठी आहेत त्यांनाच मिळते, आणि त्या बहुधा ज्यांच्याकडे आधीपासून बरे आहे त्यांच्याच असतात.

नाला खोलीकरणाबद्दल सावध राहावे. मुरूम उकरून खाली कठीण पाषाण उघडा पडेपर्यंत नाला खोल केला, तर दोन्ही काठांवरच्या मुरमात साठलेले पाणी नाल्यात झिरपून वाहून जाऊ शकते आणि आजूबाजूच्या विहिरी लवकर आटतात. तापीकाठच्या गाळाच्या जाड थरांत जे साधते ते माणदेशातल्या उथळ मुरमात साधेलच असे नाही. शंका असल्यास नियोजित जागी फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, तो एकदा भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि तासाभरात पाणी किती बोटे उतरले ते पाहावे. पाणी हलतच नसेल तर ती जागा जिरवण्याची नाही, फार तर साठवण्याची आहे.

चराईबंदीचा ठराव बहुतेक आदर्श गावांनी केला आहे आणि गवत परत येण्यासाठी तो लागतोही. त्याची किंमत मात्र शेळ्या-मेंढ्यांवर जगणारे कुटुंब मोजते. माळाचे तीन-चार भाग पाडून एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवावा आणि बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्याच कुटुंबांना द्यावा. हे न करता लादलेली बंदी रात्री मोडली जाते.

पाचवा टप्पा : ऑक्टोबरचा ताळेबंद

परतीचा पाऊस संपला, विहिरींची ऑक्टोबरची पातळी घेतली, की पाण्याचा ताळेबंद मांडायचा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला पाऊस पुरता उघडलेला नसेल, तर महिनाअखेर विशेष सभा घ्यावी, मात्र रब्बीची पेरणी फार पुढे जाण्यापूर्वी. पेरणी झाल्यावर मांडलेला ताळेबंद ही नुसती शोकसभा ठरते.

हिशेबाचे एकच सूत्र पाठ असावे : एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, म्हणजेच दहा हजार लिटर पाणी. उदाहरणादाखल एक हजार हेक्टरांचे, दीड हजार वस्तीचे गाव घेऊ. तिथे ४५० मिलिमीटर पाऊस झाला तर शिवारात ४५ लाख घनमीटर पाणी पडले. व्यवहारात हजार घनमीटरांचे एकक सोयीचे पडते. त्यानुसार हे ४,५०० एकके झाले. हा आकडा ऐकून सभेत हायसे वाटल्याची कुजबुज होते आणि ती लगेच थांबवावी लागते, कारण यातील मोठा भाग पिके व गवत यांनी वापरलेला, वाफ झालेला किंवा ओढ्याने गेलेला असतो.

आपल्या हाती काय आहे ते विहिरी सांगतात. समजा मागील मे महिन्याच्या तुलनेत ऑक्टोबरात विहिरींची सरासरी पातळी तीन मीटरांनी वाढली. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये उपसता येण्याजोगे पाणी आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्केच असते. दोन टक्के धरले तर हजार हेक्टरांखाली तीन मीटर वाढ म्हणजे सहा लाख घनमीटर, अर्थात ६०० एकके. बंधारे व पाझर तलावांत समजा १०० एकके दिसतात. एकूण जमा ७००.

आता खर्चाची बाजू. माणशी रोज ५५ लिटर धरल्यास दीड हजार लोकांना वर्षाला ३० एकके लागतात. सहाशे मोठी जनावरे रोज साठ लिटरांप्रमाणे आणि हजार शेळ्या-मेंढ्या सहा लिटरांप्रमाणे धरल्या तर आणखी सुमारे १५. हे ४५ प्रथम बाजूला काढून ठेवायचे आणि त्यांना कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. उघड्या साठ्यांची वाफ आणि पुढच्या जूनने दगा दिला तर लागणारी राखीव गंगाजळी यांसाठी १५५ वजा करू. शेतीसाठी ५०० उरले.

या ५०० एककांत काय पिकते ते फळ्यावर लिहावे. रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याला दोन संरक्षित पाणी, म्हणजे ताण पडल्यावर पीक वाचवण्यापुरत्या दोन पाळ्या, दिल्या तर हेक्टरी सुमारे १.२ एकके लागतात, म्हणजे चारशेहून अधिक हेक्टर भिजतात. कांद्याला मोकळे पाणी दिल्यास हेक्टरी साधारण साडेपाच लागतात, म्हणजे नव्वद हेक्टर. उसाला वर्षभरात हेक्टरी सुमारे २० लागतात, म्हणजे पंचवीस हेक्टर. पावसाने उसाचा थोडा भार हलका केला तरी या हिशेबाचा तोंडवळा बदलत नाही. दीड हेक्टर ऊस आणि संपूर्ण गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी हे दोन आकडे सारखेच येतात, आणि ते एकाखाली एक लिहून झाले की सभेत काही क्षण कोणी बोलत नाही. उसाला विरोध म्हणून हा मुद्दा मांडू नये. कारखाना उसाची खात्रीची खरेदी करतो आणि कांद्याचा भाव एका रात्रीत कोसळतो, हे शेतकऱ्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्याला पर्यायी पिकाच्या विक्रीची वाट दाखवता येत नसेल तर नुसता ताळेबंद मांडून उपयोग नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव वर्षानुवर्षे असा ताळेबंद मांडत आले आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास तिथे कामाला सुरुवात झाली. पाणलोटाची कामे तर झालीच, पण शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि ऊस-केळी न लावण्याचा नियम गावाने पाळला, आणि पाऊस व विहिरींची पातळी पाहून पिकांचे क्षेत्र ठरवण्याची पद्धत रुजवली. तिथे पाहायला जाणारे बहुतेक लोक डोंगरावरच्या चरांची छायाचित्रे घेऊन परततात. वास्तविक भिंतीवरच्या फलकाचेही छायाचित्र घ्यायला हवे, कारण पाऊस आणि पाण्याचा हिशेब तिथे लिहिलेला असतो.

सहावा टप्पा : वाटपाचे नियम

ताळेबंद मांडला आणि नियम नसले तर प्रत्येकजण इतरांच्या आधी उपसण्याची घाई करतो, कारण जमिनीखालचे पाणी सर्वांचे असते आणि पंप ज्याचा त्याचा. या प्रश्नावर महाराष्ट्रात सर्वांत खोल विचार १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी केला. त्यांच्या पाणी पंचायतीची तत्त्वे आजही नव्या समितीने पहिल्या बैठकीत वाचावीत अशी आहेत. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचा, माणशी अर्धा एकर भिजेल एवढा आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरता. हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा आहे. ऊस आणि इतर बारमाही पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत. योजना सामूहिकच असेल आणि खर्चाचा काही भाग लाभधारक स्वतः उचलतील.

ही तत्त्वे उपसा योजनेच्या पाण्यासाठी घडली होती, जिथे एक पंप आणि एक टाकी असते. स्वतःच्या विहिरी असलेल्या गावात ती जशीच्या तशी लागू करता येत नाहीत आणि तसा आग्रह धरला तर पहिल्याच बैठकीत समिती मोडते. सौम्य नियमांपासून सुरुवात करावी. पिण्याच्या विहिरीभोवती नवी विहीर किंवा बोअर घ्यायचे नाही, हा पहिला. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्यापासूनच बंधन असल्याने याला कायद्याचाही आधार आहे. बंधाऱ्यातून थेट मोटार लावून उपसा करायचा नाही, ते पाणी जिरू द्यायचे, हा दुसरा. उन्हाळी पीक घ्यायचे की नाही हे जानेवारीची पातळी घेतल्यानंतर ग्रामसभेने ठरवायचे, हा तिसरा. जिथे शेजारी राजी असतील तिथे चार-पाच शेतकऱ्यांनी विहिरींचे पाणी एका टाकीत आणून ठिबकने पाळीपाळीने वापरायचे. ही पायरी एकदा जमली की पाणी पंचायतीची तत्त्वे आपोआप चर्चेला येतात.

पाळी सांभाळायला एक माणूस नेमावा आणि त्याला मोबदला द्यावा. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठावर शतकानुशतके चाललेल्या फड पद्धतीत हे काम पाटकऱ्याकडे असे. कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या गटात, कोणते पीक घ्यायचे हे सामूहिक ठरवले जाई आणि शेतकरी स्वतः पाण्याला हात न लावता पाटकरी सर्वांचे शेत भिजवत असे. ही व्यवस्था टिकली कारण पाटकऱ्याला धान्याच्या रूपाने वेतन मिळत होते. स्वयंसेवेवर नेमलेला माणूस पहिल्याच भांडणात राजीनामा देतो.

बोअर आणि शेततळे यांविषयी थोडे

२००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ६० मीटरांपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर मानतो आणि अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर निर्बंध घालतो. प्रत्यक्षात बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळपर्यंत निघून जाते. कायद्याचे कलम वाचून दाखवण्यापेक्षा शेवटच्या पाच वर्षांत गावात घेतलेल्या बोअरांची यादी करावी, प्रत्येकाची खोली, खर्च आणि आज पाणी आहे की नाही हे लिहावे आणि ती यादी चावडीवर लावावी. मी पाहिलेल्या अशा एका यादीत निम्म्याहून अधिक रकान्यांत ‘कोरडे’ हा शब्द होता आणि खर्चाची बेरीज त्या गावाच्या दोन सिमेंट बंधाऱ्यांएवढी झाली होती. ती यादी पाहून तीन शेतकऱ्यांनी ठरलेल्या गाड्या रद्द केल्या.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याबद्दल माझे मत कडवट आहे. पावसाचे वाहते पाणी अडवणारे शेततळे उत्तमच. पण आता अनेक ठिकाणी डिसेंबरात विहिरीचे आणि बोअरचे पाणी उपसून या तळ्यांत भरले जाते. जमिनीखाली, सर्वांच्या सामाईक साठ्यात, वाफेपासून सुरक्षित असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवण्याचा हा प्रकार आहे, आणि आपल्या हवेत उघड्या पाण्याची वर्षभरात दीड-दोन मीटर वाफ होते. डाळिंबाची बाग जगवू पाहणाऱ्या शेतकऱ्याची अडचण खरी असते, म्हणून बंदी घालू नये. भूजलाने भरलेल्या तळ्याचे पाणी ताळेबंदात त्या शेतकऱ्याच्या वाट्यातून वजा करावे आणि तसे सभेत वाचून दाखवावे.

सातवा टप्पा : बर्गे, गाळ आणि मे महिना

देखभालीचा खर्च कोणत्याही योजनेत पुरेसा नसतो. वर्षाला एकरी थोडी पाणीपट्टी गोळा करून तिचे वेगळे बँक खाते उघडावे. त्यातून तीन कामे ठरलेल्या वेळी व्हावीत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवण्यासाठी खांबांमध्ये बसवायच्या फळ्या, पाऊस ओसरताच बसवायचे आणि मृगापूर्वी काढायचे. दोन्हींपैकी एक तारीख चुकली तर एकदा पाणी निघून जाते आणि एकदा बंधाऱ्याच्या बाजूने काठ फुटतो. काढलेले लोखंडी बर्गे मोजून कुलूपबंद खोलीत ठेवावेत, उघड्यावर ठेवलेले बर्गे भंगारात जातात. पाझर तलावातील गाळ उन्हाळ्यात काढून हलक्या जमिनीत पसरावा, मात्र तळाचा मुरूम लागला की यंत्र थांबवावे. चरांमधली साचलेली माती दर दोन वर्षांनी काढून खालच्या भरावावर टाकावी आणि त्या भरावावर शेवरी, कडुनिंब किंवा गवत लावावे.

मे महिन्याची मोजणी करायला कोणालाच उत्साह नसतो. ऊन कडक असते, लग्नसराई असते आणि विहिरीच्या तळाशी काय दिसणार हे सर्वांना आधीच माहीत असते. ती चुकवू नये. ऑक्टोबरात पातळी किती वाढली हे याच आकड्यावरून कळणार असते आणि राखून ठेवलेली गंगाजळी खरोखर शिल्लक राहिली की कोणाच्या तरी उन्हाळी भुईमुगात गेली, हेही. पंधरा-वीस विहिरींच्या कठड्यांवर रंगाने क्रमांक घातलेले असावेत, सकाळी सहाच्या आत निघावे, प्रत्येक आकडा जागेवरच वहीत लिहून विहिरीच्या मालकाची सही घ्यावी, आणि दुपारच्या आत तो चावडीवरच्या फलकावर चढवावा, मागच्या मे महिन्याच्या आकड्याच्या शेजारी.